साधा स्कर्ट

पायात रॉड बसवल्यापासून बायकोचा पाय साडीत अडकायचा. रोजच्यासाठी घोट्यापर्यंतचा, स्वस्त, साधा स्कर्ट हवा होता. मुरबाडच्या दुकानांत मात्र एकतर टिकल्यांचा लखलखाट, नाहीतर गुडघ्यापाशीच दमलेलं कापड.

"पार्टीवेअर आहे, वहिनी," दुकानदार म्हणाला.

"मी भाकऱ्या भाजते, भाऊ. वरातीत नाय नाचत."

शेवटी धसईच्या शिंप्याने सुती स्कर्ट शिवून दिला. पहिल्याच दिवशी मी तिच्यासोबत नळावर गेलो, तर शेजारीण ओरडली, "गो, परकरावरच आलीस? साडी नेसायची राहिली काय?"

बायका खिदळल्या. चमचम करणारं काहीही या गावाला चालतं. साधं सुती कापड तेवढं उघडं वाटतं. आणि मी त्याच गावचा. "घरी चल," मी हळूच म्हणालो.

"तुमी जा," ती म्हणाली आणि कळशी नळाखाली लावली.