रोटर माझ्या खिशात होता

इथले गूढ अनुभव वाचताना मी आजवर एकच काम करत आलोय — कारण शोधायचं. दार वाऱ्यानं आपटलं असेल, आवाज पाण्याच्या पाइपचा असेल... मी मेकॅनिकल इंजिनियर. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, चालू झालं तर त्यालाही असतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

२००५-०६ मधली गोष्ट. मी मूळचा साताऱ्याचा. श्रीपेरुंबुदूरच्या एका कार प्लांटमध्ये इंजिन टेस्टिंगला होतो आणि चेन्नईत पश्चिम मांबळमला एका तंजावर-मराठी घरात वरच्या खोलीत राहायचो. खाली दोघंच — घरमालक, ऐंशीला टेकलेले मामा आणि मामी. मुलगा श्रीधर सिंगापूरला. दोघांची मराठी जुनी, तमिळ हेलाची. मामी सकाळी विचारायच्या, "काय करूंलास रे? कापी घेतलास का?" म्हणजे काय करतोयस, कॉफी घेतलीस का. पहिले पंधरा दिवस मला निम्मं कळायचं नाही.

पोर्चमध्ये मामांची गाडी असायची. पन्नासच्या दशकातली, काळी, गोल पाठीची. मी गेलो तेव्हा ती दहा मिनिटं चालून बंद पडायची, गार झाली की पुन्हा सुरू. तीन रविवार मी पेट्रोलच्या मागे होतो — पंप, कार्बोरेटर, नळ्या. शेवटी दोष सापडला डिस्ट्रिब्युटरमधल्या कंडेन्सरमध्ये. तापला की दगा द्यायचा. पुदुपेटच्या जुन्या पार्टच्या बाजारात वणवण करून दुसरा आणला आणि गाडी सुरळीत झाली. मामांचा चेहरा काय फुलला होता त्या दिवशी! मामींना पुढे बसवून देवळात जाऊन आले.

पण मामांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, हे मला माहीत नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी एका सायकलवाल्याला घासलं. त्याला खरचटलं, बाकी काही नाही. पण श्रीधरचा मला फोन आला. "अप्पा माझं ऐकत नाहीत. तू काहीतरी कर... गाडी सुरूच होऊ नये असं."

मी रोटर काढला. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली फिरतो आणि एकेका सिलिंडरला ठिणगी वाटतो. तो नसला की स्टार्टर घुरघुरतो, पण इंजिन पेट घेत नाही. तो मी ऑफिसच्या बॅगेत, पुढच्या खिशात टाकला.

आणि मग नाटक. रविवारी मी बॉनेट उघडायचो, मामा स्टुलावर बसून एकेक पाना पुढे करायचे. "कॉइल गेली असेल का रे?" — "बघतो मामा." — "तू शोधशील. पहिल्यांदा शोधलास नी?" असे तीन रविवार गेले. मला मान वर करून त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मे महिना. दुपारी तीनच्या सुमारास प्लांटमध्ये शेजारच्या वसंताक्कांचा फोन आला. मामी स्वयंपाकघरात कोसळल्या, हॉस्पिटलमध्ये आहेत, ये. त्या दिवशी ऑटोवाल्यांचा संप होता.

"नेलं कसं?" मी विचारलं.

"कारनं. रावसारांनी, तुझ्या मामांनी, स्वतः चालवली."

"कुणाच्या कारनं?"

"अय्यो, त्यांच्याच! दुसरी कुठली?"

मी बॅगेत हात घातला. रोटर तिथेच होता.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी उन्हात तिरकी उभी होती. वॉचमनला विचारलं — ढकलत आणली का? कुणी ओढून? तो हसला. तात्ता, म्हणजे आजोबा, हॉर्न वाजवत आत आले, म्हणाला. मी बॉनेटवर हात ठेवला आणि मागे घेतला. पण कडक ऊन होतं, पत्रा कुणाचाही तापला असता, म्हणून मी बॉनेट उघडून रेडिएटरची नळी चाचपली. ती पोळत होती. मग झाकणाच्या क्लिपा काढल्या. आत नुसता उघडा दांडा. रोटर नव्हता.

आय.सी.यू.बाहेर मामा बाकावर बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "चोख केलास रे गाडी. चावी फिरवली तशी घेतली. एकदा सुद्धा अडली नाही." डॉक्टर म्हणाले होते, आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर काही करता आलं नसतं.

मामी चार दिवस जगल्या. श्रीधर पोचला, त्या त्याच्याशी बोलल्या, त्याच्या हातून दोन चमचे कांजी घेतली. पाचव्या पहाटे गेल्या.

गाडी हॉस्पिटलच्या आवारातच राहिली होती. मामींचं तेरावं झाल्यावर मी आणि मामा ती आणायला गेलो. मामांनी चावी फिरवली. घुरघुर... घुरघुर... काही नाही. "बघ, पुन्हा तेच," ते म्हणाले आणि माझ्याकडे आशेनं पाहू लागले. मला राहवलं नाही. खिशातून रोटर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मामी पडल्या तेव्हाही तो माझ्याकडेच होता, हेसुद्धा.

मामा बराच वेळ त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"श्रीधरनं सांगितलं?"

"हो."

"बसव." त्यांनी तो परत दिला. मी बसवला. ते उतरून पलीकडच्या सीटवर, मामींच्या जागी जाऊन बसले. "तूच चालव आता." त्यानंतर त्यांनी कधी चावी हातात घेतली नाही, आणि गाडी कशी चालली हेही विचारलं नाही. वर्षभरात श्रीधर त्यांना घेऊन गेला, गाडी विकली.

ऑफिसातले एक सीनियर म्हणाले, रोटर नसतानाही ठिणगी उडी मारून गेली असेल. गाडी विकण्याआधी मी रोटर काढून ते करून पाहिलं. बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला. इंजिन एकदाही धडधडलं नाही. दुसरा रोटर घरात होता का? मामांच्या हातानं तो बसला असता का, आणि मग गेला कुठे? मला उत्तर मिळालेलं नाही. आता मिळेल असंही वाटत नाही.

बायको विचारते, त्या गाडीची भीती नाही वाटली? नाही वाटली. पण अजूनही दुपारी फोन वाजला की छातीत धस्स होतं... त्या दिवशी गाडी सुरू झाली नसती, तर ती का झाली नाही, हे फक्त मला आणि श्रीधरला माहीत असतं. आणि मी मामांना ते कधीच सांगितलं नसतं.