कोल्हापूरच्या पोलिश आजी

इथे परदेशात, पॉइंट कुकला, आमच्या शेजारी एक पोलिश आजी राहतात. दुसऱ्या महायुद्धात देश सुटल्यावर त्यांचं बालपण कोल्हापूरजवळच्या निर्वासित छावणीत गेलं, मग त्या इकडे आल्या. कुंपणापलीकडून मला रोज ‘जेवलीस काय गं?’ विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच गुलाबांकडे वळायच्या.

हल्ली त्यांना फार विसरायला होतं, इंग्रजीही सुटत चाललंय. परवा त्यांची लेक मला बोलवायला आली. “मम्मी सकाळपासून काहीतरी विचारतेय. पोलिश नाही ते.”

आजींनी माझा हात धरला. “आई कुठं हाय?”

“बाजारला गेलीया. येतीय आत्ता,” मी म्हणाले. आजी निवांत उशीला टेकल्या.

लेकीला मी अर्थ सांगितला. तिनं आजींचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “तू काय उत्तर दिलंस, ते मला सावकाश म्हणून दाखव.”