नातीचं पुण्यात जे जिवंत होतं

माझ्या नातीच्या आतड्यातल्या पेशींपासून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जे वाढवलं होतं, ते तिच्या माघारी आपोआप मेलं, असं मी माझ्या सुनेला सांगितलं. गावातही तेच सांगितलं. ते खोटं आहे. मीच ते नष्ट करायला लावलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी हयगय केली, असं आमच्या भावकीत अजून बोलतात, म्हणून हे लिहितो आहे. त्या बाईंनी कसलीही हयगय केली नाही.

आमचं गाव कृष्णाकाठी, ऊसपट्ट्यात. मी फौजेतून पेन्शनवर आलो तोवर बायको वारली होती आणि मुलगा भरती झाला होता. घरात सून, दोन म्हशी आणि ही एकुलती नात. ती तान्ही असताना तिच्या कपाळाचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. पोरगी मिठात मुरवून पाठवलीय, असं म्हणून आम्ही हसायचो. पुढे तिला खोकला लागला, तो सुटलाच नाही. खाल्लेलं अंगी लागेना. मिरजेला दवाखान्याच्या किती फेऱ्या झाल्या. सुरुवातीला सगळ्यांना क्षयच वाटला, मलाही. ती कॉलेजात गेल्यावर एका डॉक्टरांनी तिचा घाम तपासला आणि आजार जन्माचा असल्याचं कळलं. शरीरातलं मीठ आणि पाणी जिथल्या तिथे पोचत नाही, त्यामुळे छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो. तो खारट मुका म्हणजे आजाराची खूण होती.

त्याच डॉक्टरांनी पुण्याच्या बाईंकडे पाठवलं. बाई मूळच्या जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. बोलता बोलता मधेच एखादा कानडी शब्द यायचा. त्यांनी नातीच्या आतड्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला. त्यात मूळपेशी असतात, आतडं ज्यांच्यापासून सतत नवं होतं त्या. त्यांना अंगाएवढ्या उबेत, खाद्य घालून वाढवलं की त्यांचे बारीक पोकळ गोळे होतात, आणि ते आतड्यासारखेच वागतात. मग माणसाला औषध देण्याआधी त्या गोळ्यांना देऊन बघता येतं.

मला काही कळेना. परतीच्या एसटीत नातीनं मला समजावलं.

"आबा, ऊस कसा लावता? कांडीला एक डोळा असला तरी अख्खा ऊस येतो की न्हाई? तसं माझं बेणं लावलंय पुण्यात."

"आन् तोडणी कवा?" मी विचारलं.

"तुमच्या कारखान्यागत न्हाई हो ते. तिथं वेळेवर नंबर लागतो," ती म्हणाली, आणि हसताना तिला खोकल्याची उबळ आली.

पुण्याला दर वेळी मीच जायचो. सुनेची फार इच्छा होती, पण धारा कोण काढणार, हा प्रश्न कायम. म्हशी मला अंगाला हात लावू देत नसत. त्यामुळे बाईंनी आपल्या रेकॉर्डला घरचा माणूस म्हणून माझं नाव घेतलं. नातीनंच ते सांगितलं होतं.

नंतरच्या एका फेरीत बाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली बघू दिलं. दोन बशा होत्या. एकीत नुसते गोळे, दुसरीतल्या गोळ्यांना औषध घातलेलं. औषध लागू पडलं की पाणी आत शिरतं आणि गोळे फुगतात. नात बराच वेळ डोळा लावून बसली. मग मला म्हणाली, "बघा आबा. ही मी."

मी बघितलं. दुसऱ्या बशीतले गोळे फुगले होते. फार नाही, थोडेसे. पण फुगले होते.

ते औषध इथे मिळत नव्हतं. बाहेरून आणायची खटपट डॉक्टरांनी सुरू केली होती. तेवढ्यात थंडीत तिच्या छातीत जंतू झाले आणि मिरजेच्या दवाखान्यातून आम्ही तिला घरी आणली ती गेल्यावरच.

दहाव्याला नदीवर सगळे जमलो. मुलगा रजेवर आला होता. पिंड मांडले, तिला आवडायची म्हणून शेंगदाण्याची चिक्की ठेवली. समोरच्या बाभळीवर कावळे बसून होते, पण एक खाली उतरेना. आमच्याकडे मानतात की गेलेल्या जिवाचं काही मागे अडकलं असलं तर कावळा शिवत नाही. मग जवळची माणसं पुढे होऊन शब्द देतात. मुलगा पुढे झाला, तुझ्या आईला अंतर देणार नाही म्हणाला. कावळे ढिम्म. उन्हं वर आली. पाठीमागच्या बायकांत सून तोंडाला पदर लावून उभी होती. भावकीतला एक म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आवं, पोरीचं कशात तरी गुतलंय. तुमच्यावर लय जीव हुता तिचा. तुमी बोला."

आणि माझ्या मनात ती बशी आली. सगळं शरीर अग्नीला दिलं, पण तिचा एक भाग अजून पुण्यात एका उबदार पेटीत जिवंत आहे, खातो आहे, वाढतो आहे. पोरगी जाणार कशी? मी हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, तुला तिथनं सोडवतो.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावून चिक्कीचा तुकडा घेऊन गेला. लोक सुटल्यासारखे झाले.

मुलगा पलटणीत परत गेल्यावर मी बाईंना फोन केला. तिचं जे काही तुमच्याकडे आहे ते सगळं नष्ट करा म्हटलं, गोठवून ठेवलेल्या कुप्यांसकट. त्या बराच वेळ मला समजावत राहिल्या. घाई करू नका, महिनाभर जाऊ द्या म्हणाल्या. तिच्या पेशींवर ते औषध चालतंय, तिच्यासारख्या दुसऱ्या मुलांसाठी त्याचा उपयोग आहे, असंही सांगितलं. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आबा, तिच्या आईला हे माहीत आहे ना?"

मी हो म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मी स्वतः करीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

फौजेतून आल्यापासून मी ऊसच केला. कितीही नड असली तरी पुढच्या लागणीसाठी राखलेला बेण्याचा प्लॉट कारखान्याला घालायचा नसतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी सून नवी साडी नेसून बाहेर आली. हातात पितळेचा डबा, त्यात शेंगदाण्याचे लाडू. धारांसाठी शेजारणीला सांगून ठेवलं होतं. मला म्हणाली, "आबा, चला. मला एकदा बघू द्या. तुमी बघितलंय, मी कुठं बघितलंय?"

तेव्हा मी ते खोटं बोललो. पुण्याहून फोन आला होता, ते आपोआप मेलं म्हणालो.

ती उंबऱ्यात बसली. पोरीनं तिला सांगितलं होतं की त्या गोळ्यांना एक-दोन दिसाआड खाद्य घालावं लागतं. तिनं विचारलं, "उपाशी मेलं का?"

"न्हाई."

ती आत गेली आणि लाडू परत बरणीत भरत असल्याचा आवाज आला.

गेल्या दिवाळीत बाई जतला गावी जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे आल्या. सुनेनं त्यांना पाटावर बसवलं, फराळाचं ताट दिलं. मग विचारलं, "ताई, माझ्या पोरीला खायाला कोण घालायचं तिकडं?"

"मीच घालत होते."

"मग तुमचे लय उपकार. आपलं आपून गेलं, त्याला तुमी तरी काय करणार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ताटाकडे बघत राहिल्या. त्या एका वाक्यात मला उघडं पाडू शकत होत्या. त्यांनी ते केलं नाही, आणि भावकीतला बोल स्वतःवर घेऊन गेल्या. जाताना सुनेनं त्यांची ओटी भरली.

संध्याकाळी गोठ्यात सून धार काढत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाभळीवरचे कावळे, मी दिलेला शब्द, फोन, सगळं. चरवीत दुधाचा आवाज थांबला नाही. मी बोलायचा थांबलो तरी ती धार काढत राहिली. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून म्हणाली, "मला वाटत हुतं, कावळा माझ्या बोलण्यावर शिवला."

"तू काय बोललीवतीस?"

"म्हटलं, बाय, तुझं पुण्यात जे जित्तं हाय, ते मी जपीन. तू जा."

एकाच क्षणी, दहा हातांच्या अंतरावर, दोघांनी दोन शब्द दिले होते. माझा मी पाळला. तिचा मी मोडला, तिला कळूही न देता.

तिनं दूध गाळलं, चहा टाकला, माझ्यापुढे कप ठेवला आणि समोर बसली.

"तुमीच बघितलंय," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा. कसं हुतं?"

मी सांगू लागलो. गोल होतं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखं, पण त्याहून कितीतरी बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही असं. आतून पोकळ. कडेला बारीक, उजळ रेघ. बरेच होते, एकमेकांना खेटून. नात डोळा लावून बसली होती, उठायलाच तयार नव्हती.

"आन् औषध घातल्यावर?"

"फुगलं."

"किती?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, मग थोडं लांब केलं. तिनं हात पुढे करून माझी बोटं तशीच धरून ठेवली आणि त्यांच्या मधल्या जागेकडे बघत बसली.