पवनेतलं इंजिन आणि आमचं घराणं

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न होडीच्या इंजिनावर अडलं होतं.

गोष्ट पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. आमचं पुनावळं पवना नदीच्या एका काठाला, रेल्वेस्टेशन दुसऱ्या बाजूला आणि मध्ये धोंडीबाची होडी. धोंडीबा बांबू टेकत इतका सावकाश न्यायचा, की गुळगुळीत दाढी करून बसलेला माणूस खुंट वाढवून उतरायचा. पिंपरीच्या कारखान्यात लागल्यापासून मला असल्या मागासपणाचा तिटकारा आला होता. (काम बाटल्या धुण्याचं होतं, तिटकारा मात्र इंजिनियरचा!) सुमनला बघायला चऱ्होलीचे पाहुणे येणार म्हटल्यावर मी मुंबईहून होडीला मागे लावायचं इंजिन मागवलं. सोबत माहितीपुस्तकही आलं. ते अडाण्यांसाठी असतं, म्हणून मी उघडलं नाही.

आईनं नारळ आणि झेंडूचा हार हातात दिला. "पुजल्याबिगर सुरू करू नगंस, बाबा."

धोंडीबानं होडी बांबूनंच पलीकडे नेली, कारण इंजिनाची पहिली फेरी पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. नवरा मुलगा आणि त्याचे मामा यांच्यादेखत मी नारळ फोडला आणि हार इंजिनाच्या पंख्याला घातला. खरं काम पंखाच करतो, तेव्हा मानही त्याचाच, असं माझं शास्त्र.

"बांबू घिऊ का संगं?" धोंडीबानं विचारलं.

"बांबूचे दिवस गेले," म्हणत मी त्याला काठावरच ठेवलं.

पंखा पाण्यात सोडून दोरी ओढली. इंजिन फटफटलं, दहा हात गेलं आणि घुसमटून बंद पडलं. मी पुन्हा दोरी ओढली, तर माझं कोपर मामांच्या नाकावर बसलं आणि त्यांचा फेटा पवनेत गेला. होडी आडवी होऊन थेरगावच्या वाटेला लागली. काठाकाठानं धोंडीबा बांबू घेऊन चालतच होता.

"आता घिऊ का?" त्यानं विचारलं.

शेवटी कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं आम्हाला म्हशी ओढाव्यात तसं ओढून काढलं आणि बांबूनंच घरच्या काठाला नेलं.

सुमनला बघून, पोहे खाऊन मामा नाक चोळत म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पर खोट यंत्रात हाय का तुमच्या घराण्यात? यंत्रात आसंल तर जमलं. कंपनीचं लेखी आणा."

मी कंपनीला चार पानं शिव्या धाडल्या. आठव्या दिवशी बैलगाडीतून कंपनीचे टायवाले साहेब दारात हजर. चहा घेऊन त्यांनी पंखा उलटा फिरवला आणि दोन हात सुतळी, त्यात तीन झेंडू, माझ्या हातावर ठेवले.

"दादा, आता मामांना काय कळवायचं?" सुमनचा आवाज रडवेला झाला.

साहेबांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि ओट्यावर बसून कंपनीच्या कागदावर लिहून दिलं : 'हार काढून इंजिन सुरू करावे, अशी सूचना आमच्या पुस्तकात नाही. चूक सर्वस्वी कंपनीची. दिलगीर आहोत.'

लग्न झालं. मामांनी ते पत्र चौकटीत लावून घेतलं. आमच्या घराण्यात वेड नाही याचा तो एकमेव लेखी पुरावा, आणि तोही एका परक्या माणसानं दया येऊन लिहिलेला, धडधडीत खोटा.