काखेतली बाटली

"अमीबा हलतोय," लॅबच्या डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता म्हणाल्या. मला रडू फुटलं. तो हलला नसता तर माझं पोट फाडणार होते.

त्याआधी दोन महिने आव आणि रक्त. इतकी वाळले की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मग पोटात उजवीकडे गाठ लागली. मुलुंडचे सर्जन म्हणाले, "कॅन्सर असेल, नाहीतर अमीबोमा, म्हणजे अमीबामुळे आतड्याला आलेली सूज. अमीबा सापडला तर गोळ्यांनी भागेल. नाहीतर उघडून बघू."

शौचाचे नमुने देऊन देऊन वीट आला. दर वेळी काही नाही. ऑपरेशनचा वार ठरला. मी म्हटलं, कापा एकदाचं, पण सोडवा.

आमचे हे मालवणचे, त्यात स्वच्छतेचं भारी वेड. नमुन्याची बाटली पिशवीत घालून, पिशवी अंगापासून लांब धरून लॅबमध्ये न्यायचे. शेवटी लॅबच्या बाईंनी विचारलं, "हे इतकं गार कसं?"

"बर्फात घालून आणतो ना. मासळी नाही का आणत? नासता कामा नये."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, अमीबाला पाय नसतात. अंगाचाच थोडा भाग पुढे काढतो, त्याला स्यूडोपोड म्हणतात, खोटा पाय. मग उरलेलं अंग त्यात ओढून घेतो. असा सरकताना दिसला की ओळखू येतो. गारठला की नुसता गोळा. गरम आणा, लगेच."

लॅबमध्ये संडास नव्हता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी भांडुपच्या घरून रिक्षा केली. मला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून सोबत घेतलं. बघते तर ह्यांनी बाटली बनियनच्या आत, काखेत धरलेली. गटाराचं पाणी उडालं तरी पुन्हा आंघोळ करणारा माणूस.

"अहो, शी!"

"गप रव गो. थंड होतला."

बाईंनी मलाही दाखवला. काचेसारखा ठिपका, एका बाजूने फुगला आणि बाकीचा मागून सरकला. त्याच्या पोटात माझ्याच रक्ताच्या पेशी. मेल्याला शिव्या घालाव्यात की हात जोडावेत, कळेना.

गोळ्यांनी तोंड कडू झालं, गाठ हळूहळू विरली. थकवा मात्र अजून आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर लाजू नका, नमुना कसा न्यायचा ते आधी विचारा.

त्या दिवशी बाटली देऊन झाली होती, निदानही झालं होतं. हे मात्र बाकावर काखेशी हात तसाच घट्ट दाबून बसलेले. शेवटी मीच तो सोडवला.