साडभाऊ आणि दंडाची मागची बाजू

माणसाच्या दंडाच्या मागच्या बाजूवर आमच्या साडभाऊंइतकं निस्सीम प्रेम करणारा गृहस्थ अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला धरमपेठेत, नोकरी सरकारी कचेरीत, वय पन्नाशीच्या पलीकडचं. चेहरा असा सौम्य की भाजीवालीसुद्धा त्यांना न मागता कोथिंबीर देते. पण गोष्ट दंडावर आली की हा सौम्य माणूस पेटून उठतो. "लोक पुढची बेडकुळी फुगवून फोटो काढतात गा," ते मला कळवळून सांगतात, "अन् दंडाचा मोठा हिस्सा तर मागं हाय! त्याले कोणी इचारत नाही." भेटलेल्या माणसाचा हात हातात घ्यायचा आणि बोलता बोलता दंडाची मागची बाजू चाचपायची, ही त्यांची रीत. एका लग्नात अहेर देताना त्यांनी नवरदेवाचाही दंड चाचपला आणि भर स्टेजवर म्हणाले, "पुढून ठीक हाय, मागून मेहनत पाहिजे." नवरीकडच्या मंडळींना वाटलं, मुलात काही खोट निघाली. साळीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, जेवणाच्या पंगतीपर्यंत खुलासे करत फिरावं लागलं.

हे प्रेम सुरुवातीला फार आंधळं होतं. मोबाइलवर जो जो व्यायाम दिसेल तो तो साडभाऊ करायचे. दोर खाली ओढायचा, डंबेल डोक्यामागे न्यायचा, वाकून हात मागे झटकायचे, दोन बाकांच्या मध्ये लटकायचं, शिवाय घरी आल्यावर जोर. सगळं एकाच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. परिणाम असा झाला की एका रविवारी त्यांचे हात कोपरात वाकेनात. समोर तर्री-पोह्याची बशी, तिच्यातून वाफ येतेय आणि साडभाऊ तिच्याकडे परक्यासारखे बघताहेत. शेवटी साळीबाईंनी घास भरवले. "लग्नात भरवला होता तेव्हा लाजले होते तुम्ही," त्या म्हणाल्या, "आज बरे खाऊन राहिले!"

कोपरं बरी व्हायला बराच काळ गेला आणि त्या काळात साडभाऊ शहाणे झाले. दिसेल ते सगळं करायचं नाही, हे त्यांना कळलं. दोन-तीन व्यायाम निवडायचे. एक हात वर नेऊन, कारण या स्नायूच्या तीन भागांतला सगळ्यात लांब भाग तेव्हाच पुरता ताणला जातो. एक खाली दाबण्याचा, आणि एक स्वतःचं वजन ढकलण्याचा. सुरुवात थोडक्यात करायची, अंगाला सोसलं तरच हळूहळू वाढवायचं, आणि मध्ये एखाद-दोन दिवस स्नायूला गप्प बसू द्यायचं. "मसल जिममध्ये नाही वाढत गा, ते गादीवर वाढते," असं सांगून ते रविवारी दुपारी निश्चिंत झोपू लागले. आणि खरंच, शर्टाच्या बाह्या घट्ट झाल्या. त्या सैल करून द्यायला शिंपी तयार होता, पण साडभाऊच तयार नव्हते.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग खाप्याला, म्हणजे आपल्या गावच्या घरी, आमच्या सासूबाई अंगणात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. धंतोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि त्यांना साडभाऊंच्या घरी आणलं. हाड नीट जुळलं, डॉक्टर खूश होते, पण सासूबाईंना खुर्चीतून उठताच येईना. दोघांनी दोन बगलांत हात घालून उभं करायचं तेव्हा त्या वॉकरपर्यंत पोचायच्या. उभं आयुष्य कोणापुढे हात न पसरलेली ती बाई. एके दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "खाप्याचं घर इकून टाका. आता मी काही माघारी जात नाही." दोघी बहिणी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मी खिडकीपाशी उभा राहिलो. साडभाऊ मात्र सासूबाईंच्या दंडाकडे टक लावून बघत होते.

"पाय नाही गा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मागचा दंड गेला हाय. खुर्चीवरून उठाले माणूस हातानं ढकलते. ढकलाची ताकद कुठून येते? मले सांग!"

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं. पायांचे व्यायाम चालू ठेवून हेही करायला त्यांनी आनंदानं होकार दिला. प्रश्न उरला सासूबाईंचा. जावयासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई जावयासमोर व्यायाम करणार कशी? "तुमी काहून माया मागं लागले जावईबापू?" त्या संकोचून म्हणाल्या.  साडभाऊंनी समोर दुसरी खुर्ची मांडली, तिच्यात बसून खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले आणि म्हणाले, "आई, मी करतो, तुमी पाहून करा. मले एकट्याले बोअर होते."

पहिल्या दिवशी सासूबाई खुर्चीवरून बोटभरही वर आल्या नाहीत. साडभाऊंनी "वा, काय दाबलं!" म्हणून टाळ्या वाजवल्या. काही दिवसांनी पाण्याची छोटी बाटली दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची सुरू झाली. पदर घसरला की सासूबाई बाटली खाली ठेवून पदर सावरत, मग पुन्हा बाटली उचलत. हळूहळू त्यांना चव लागली. "आनखी एक डाव करू द्या ना," त्या हट्ट धरू लागल्या. साडभाऊ हात जोडून म्हणाले, "नाही आई. लालच केली का कोपर रुसते. माया अनुभव हाय." स्वयंपाकघरातून साळीबाईंचं हसू ऐकू आलं.

मग घरी हळदीकुंकू होतं. खाप्याकडच्या बायका आल्या होत्या. निघताना सगळ्या नमस्काराला वाकल्या तेव्हा दारापर्यंत पोचवायला म्हणून सासूबाई सरसावल्या. नेहमीप्रमाणे मी आणि साडभाऊ धावलो.

"हात नका लावू मले," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी तळवे टेकले. दंड थरथरले. पदर सरकला, तो त्यांनी तसाच सरकू दिला. आणि त्या उठल्या. पूर्ण, ताठ, आपल्या आपण. बायकांच्या घोळक्यात साडभाऊंनी अशी आरोळी ठोकली की शेजारचे लोक गॅलरीत आले. "कोपर सरळ! पाहिलं का, कोपर सरळ!" सासूबाई वॉकर धरून दारापर्यंत गेल्या, एकेकीला निरोप दिला आणि वळून म्हणाल्या, "घर इकू नका."

काही आठवड्यांनी आम्ही त्यांना खाप्याला सोडून आलो. शेजारणी जमल्या होत्या. सासूबाई त्यांना बाटलीचा व्यायाम हातवारे करून समजावत होत्या आणि चुकलं की रागावतही होत्या. आम्ही निघालो तेव्हा हात हलवायलाही त्यांना सवड नव्हती.

परतीला गाडी मी चालवत होतो.  खापा मागे पडलं, तेव्हा साडभाऊ म्हणाले, "चांगलंच झालं ना गा?"

"फारच चांगलं झालं."

"हो." त्यांनी काच खाली केली. "माणूस आपल्या ताकदीनं उभा झाला का आपल्या घरी जाते. जावंच लागते." आणि मग, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असं, "पण आपलं घर रिकामं रिकामं लागन गा."

धरमपेठ येईपर्यंत ते बाहेर बघत होते.