अर्धकच्चे वाल

मुरबाडला आमच्या शेजारी एसटीतून रिटायर झालेले एक काका राहतात. मोबाइलवर कुठेतरी ऐकल्यापासून त्यांनी लेक्टिनचा धसका घेतलाय. "कडधान्यात असतं रे, आतड्याची वाट लावतं!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात. टोमॅटो सोलून, बिया काढून खातात. चवळी तीनदा पाणी बदलून भिजवतात आणि जेवणाआधी लेक्टिनवरची कॅप्सूल गिळतात.

माझी वहिनी नवीनच लग्न होऊन आली होती. तिने पहिल्यांदा वालाची आमटी केली आणि काकांना जेवायला बोलावलं. वाल नीट शिजलेच नव्हते, दाताखाली कडकड वाजत होते. आम्ही सगळे वाल ताटाच्या कडेला सारत होतो. वहिनीचे डोळे भरून आले. काकांनी मात्र वाटी पुसून खाल्ली आणि पुढे केली.

"अजून वाढ गो. मस्त झालीय."

दुसऱ्या दिवशी ते दारातल्या ओट्यावर दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरात गेलो. काका पोटावर शेकायची पिशवी धरून पडले होते.

"काका, वाल बाधले ना?"

"नाय रे, वारा लागला. वहिनीला कायपण बोलू नको. रविवारी परत येतो जेवायला, सांग तिला." मग कूस बदलून म्हणाले, "फक्त मच्छी कर म्हणावं."